मालकांचं आंबट सफरचंद

आमचे मालक पलटणीत आचारी होते. नोकरीची शेवटची वर्षं हिमालयातल्या एका छावणीत गेली. तिथं मेसच्या मागं इंग्रजांनी लावलेलं सफरचंदाचं जुनं झाड होतं, ब्रॅमली जातीचं. फळ हिरवं, मुठीत न मावणारं आणि इतकं आंबट की शिजवूनच खायचं. मालक साखर घालून ते शिजवायचे. त्याची चव सांगायला लागले की थांबायचे नाहीत. माझ्या हातच्या कुठल्याच पदार्थाचं एवढं कौतुक मी कधी ऐकलं नाही.

निवृत्त होताना त्याचं कलम ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं आणि औंधला परसात लावलं. "एकदा खाऊन बघ, मग बोल," म्हणायचे. झाड वाढलं, पण फुलायचं नाव नाही. शेजारी कुंपणावरून चिडवायचे, "काय रं गड्या, औंदा पेटी कवा पाठवतूस?" मालक हसायचे. राग मला यायचा, शेजाऱ्यांचा आणि झाडाचाही.

मग मालकांच्या घशात गाठ निघाली. सांगलीला किरणांचे शेक सुरू झाले, म्हणून ते विश्रामबागेत नणंदेकडं राहिले आणि मी जाऊन-येऊन. तेव्हाच माझा भाऊ घरी आला. त्याची आटपाडीकडं डाळिंबाची बाग आहे. झाड बघून म्हणाला, "आक्का, डाळिंबाचा बहार धरतो तसं कर की. पानी तोड, ताण दे, पानं उतरव. मग पानी सोड. कसं फुलत न्हाई बघू."

मी तसंच केलं. ताण बसल्यावर सगळी पानं हातानं ओरबाडली. झाड उघडंबोडकं झालं. तिकडं मालकांच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं आणि इकडं मी झाडाचं पाणी तोडलं होतं.

पाणी सोडल्यावर फुलं आली. बहुतेक गळाली, एक फळ धरलं. मालक घरी आले आणि खाटेवरून त्याच्यावर राखण ठेवू लागले. पहिलं फळ यमाईला द्यायची आमच्याकडची रीत आहे. मी देवीपुढं नारळ फोडला आणि फळ घरीच ठेवलं. तिला पुष्कळ मिळतं.

शेकांनी जिभेची चव गेली होती. काही महिन्यांनी परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. गाठ पुन्हा वर आली, तेव्हा डॉक्टरांनी महिन्यांची भाषा बंद केली. मग चव परतायची वाट बघत फळ ठेवायचं तरी कुणासाठी? झाडही शेंड्याकडून वाळत चाललं होतं.

मी फळ सोलून शिजवलं. साखर किती, ते मालकांनी बोटांनी खुणावलं. फोडी फसफसून विरघळल्या तसे ते उठून बसले. मी चमचा तोंडात दिला. त्यांनी घास कितीतरी वेळ जिभेवर धरला.

"गरम हाय," म्हणाले. मग चमचा माझ्याकडं सरकवत, "तू खा. आंबट हाय का?"

मी खाल्लं. "आवं, लय आंबट हाय."

"त्ये न्हवं गं. मागनं काय येतंय? तसंच हाय का?"

तसंच म्हणजे कसं, ते ठाऊक असलेली जीभ त्यांच्याच तोंडात होती. मी आणखी एक चमचा खाल्ला, मग आणखी एक. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला नुसतं आंबट लागत होतं.