सासूबाईंनी धरलेली सायकल

काल नातीच्या सायकलचं पंक्चर काढताना दुकानात रबराच्या सोल्युशनचा वास आला आणि मी थेट सुलतानपूरला, सासरच्या खळ्यात जाऊन पोचले.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. शेजारच्या गावी मुलींच्या शाळेत मला मास्तरीण म्हणून नोकरी मिळाली होती. रोज पायी जाणं जमेना, म्हणून यजमानांनी एक जुनी, बिनदांडीची सायकल आणली. सायकल चालवता आली नाही तर नोकरी सोडायची, असं घरात ठरलं होतं.

कडब्याच्या गंजीवर सकाळचं कोवळं ऊन होतं. यजमानांनी सीट धरली, तरी मी दोनदा पडले. कोपर सोललं. बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या, तशी मी सायकल सोडून बाजूला झाले.

तेवढ्यात सासूबाई गोठ्यातून आल्या. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण त्यांनी मुलाला दूर केलं आणि सीट स्वतः धरली.

"काऊन थांबली वं? बस."

"आत्याबाई, बाया हसून राह्यल्या."

"हसू दे. मले कोनं शाळेत धाडलं नाही. तू जाय."

मी पायडल मारलं. मागे त्यांची धाप ऐकू येत होती, मग ती ऐकू येईनाशी झाली. मी एकटीच चालले होते! तेव्हा मला फक्त माझाच आनंद दिसला. आज त्यांच्या वयाच्या पुढे आल्यावर त्या दिसतात. वळून पाहिलं तेव्हा त्या खळ्याच्या मधोमध उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर साऱ्या गावासमोर खांद्यावर घसरला होता, आणि त्या तो सावरत नव्हत्या.