गोळा नव्हे, गुठळी

"हा गोळा नाही, बाई. गुठळी आहे."

डॉपलरच्या खोलीत डॉक्टर एवढंच म्हणाले आणि माझ्या डाव्या पोटरीवरचा जेल पुसायला लागले. डॉपलर ही सोनोग्राफीसारखीच तपासणी. शिरेतून रक्त वाहतंय की अडलंय ते तिच्यात दिसतं. माझं अडलं होतं. या आजाराला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात, म्हणजे पायाच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्त साकळून गुठळी होते. माझ्या गुठळीचा बारीक तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन बसला होता. त्याचं नाव पल्मनरी एम्बोलिझम. सकाळपासून श्वास घेतला की बरगडीखाली जी कळ येत होती, ती त्याचीच.

मग त्यांनी विचारलं, "पाय कुणी चोळला होता का?"

यजमान माझ्याकडे बघायला लागले आणि मी छताकडे. सासूबाई डबा घेऊन दारात उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "मी चोळला. काल संध्याकाळी. चांगला रगडून चोळला."

डॉक्टर खाली मान घालून कागदावर लिहायला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं.

हे सगळं सुरू झालं एका चांगल्या कामातून. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून होते. आमच्या वसाहतीजवळच्या मतिमंद मुलांच्या शाळेला मुलांची ने-आण करायला गाडी हवी होती. महिला मंडळाने ठरवलं की उरणच्या मोरा बंदरापासून कळंबोलीपर्यंत एका दिवसात चालत यायचं आणि त्यासाठी लोकांकडून देणग्या मिळवायच्या. ऑफिसातली माझी मैत्रीण फरीदा मूळची मोऱ्याची. ती म्हणाली, "नाश्ता आमच्याकडे. पण चालायची प्रॅक्टिस आजपासून."

आम्ही दोघी रोज सकाळी लोखंडबाजाराच्या रस्त्यांवर चालायचो. पंजाबी ड्रेस आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. दात घासत उभे असलेले ट्रक ड्रायव्हर पहिले काही दिवस टकामका बघायचे. पुढे पुढे त्यांनाच आमची सवय झाली. एखाद दिवशी गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी चौकशी व्हायची. मी जन्मात कधी खेळाच्या मैदानावर उतरले नव्हते. पस्तिशी ओलांडल्यावर पाय आपले ऐकतात हे कळलं, त्याचा मला गर्व झाला होता हे खरंच आहे.

एक दिवस केबलसाठी खणलेल्या चरात पाय गेला आणि घोटा मुरगळला. हाडाला बारीक चीर होती. गुडघ्याखाली प्लास्टर बसलं आणि मी पलंगावर बसले. पाय उशीवर, हातात भाजी निवडायला. प्लास्टर निघालं तेव्हा पदयात्रा तोंडावर आली होती. मी दुसऱ्याच दिवशी बूट चढवले.

पोटरी भरून आली होती. ताठ, गरम, दुसऱ्या पायापेक्षा डोळ्यांना दिसेल एवढी जाड. ज्याने त्याने एकच सांगितलं: गोळा आलाय. इतके दिवस पाय बांधलेला होता, आता एकदम चालायला लागलीस, गोळा येणारच. मलाही ते पटलं. 'गोळा' हा शब्द आपल्याला लहानपणापासून माहीत, आणि त्यावरचा उपायही शब्दाबरोबरच येतो. चोळा.

आता सासूबाईंविषयी सांगायला हवं. त्या मराठवाड्यातल्या. गावाकडे बाळ-बाळंतिणीला चोळायला त्यांनाच बोलावणं असायचं, आणि आमच्या वसाहतीतली निम्मी पोरं त्यांच्या मांडीवर न्हाली होती. हाताला गुण होता, तो त्यांना ठाऊक होता, आणि तो मिरवायलाही आवडायचा. मात्र माझ्याशी त्या बेताच्याच बोलायच्या. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. रोज रात्री त्यांचे पाय मी चेपायचे. सुनेने सासूचे चेपायचे, हीच रीत.

त्या संध्याकाळी त्यांनी लसूण घालून तेल कोमट केलं, माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "रंजने, पाय दे इकडं."

मी पाय मागे ओढला. थोरांना आपला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. इथे त्या माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेत होत्या. मला भरून आलं. पहिल्याच दाबाला पोटरीतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "दुखायलंय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, आई. बरं वाटतंय."

इतक्या वर्षांनी त्यांनी माया केली होती. दुखतंय म्हणायला माझी जीभ रेटेना.

सकाळी जिना उतरताना दम लागला. दोन पायऱ्यांवर बसावं लागलं. यजमानांनी रिक्षा आणली. ईसीजी झाला, छातीचा एक्सरे झाला, आणि मग ती डॉपलरची खोली.

हॉस्पिटलातले दिवस कंटाळवाणे होते, आणि तिथे कंटाळा आलेला चांगला असतो, असं शेजारच्या पलंगावरच्या बाई म्हणायच्या. पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून पाय उंच ठेवलेला. शिरेतून हेपॅरिन. ते रक्त पातळ करतं असं म्हणतात. खरं तर नवी गुठळी होऊ देत नाही, जुनी शरीर हळूहळू विरघळवतं. पुढे वॉर्फरिनच्या गोळ्या आणि त्यासाठी प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. दंड सुयांनी हिरवेनिळे झाले. डॉक्टर रोज टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजायचे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. रात्री छातीत जरा टोचलं तरी वाटायचं, आता दुसरा तुकडा सुटला. मला मरणाची भीती वाटत होती. उगाच धीराच्या गप्पा मारत नाही.

सासूबाई रोज डबा घेऊन यायच्या, पलंगापासून हातभर लांब बसायच्या. पांघरूण सरकलं तर नर्सला हाक मारायच्या, स्वतः हात लावायच्या नाहीत. एकदा मीच डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारलं, चोळल्यामुळेच झालं का हे?

"गुठळी प्लास्टरमुळे झाली," डॉक्टर म्हणाले. "पाय हलला नाही, रक्त साकळलं. तुकडा चोळल्याने सुटला की आपोआप, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण असा पाय चोळायचा नाही, हे नक्की."

सासूबाईंनी त्यातलं शेवटचंच वाक्य घरी नेलं. तेलाची वाटी माळ्यावर गेली. वसाहतीत कुणी बाळंत झाली की त्या सांगायच्या, "मला न्हाई जमायचं आता. दुसरी बघा."

पदयात्रा माझ्याविना झाली. शाळेला गाडीही आली. मी बरी झाले, गोळ्या बंद झाल्या, पण घरातलं एक माणूस अजून दुखण्यातच होतं. मी किती समजावलं. ऐकून घ्यायच्या आणि उठून आत जायच्या.

पुढच्या वर्षी मंडळाने पुन्हा यात्रा काढली. डॉक्टरांनी मला शेवटचा टप्पा चालायची परवानगी दिली. शाळेच्या अंगणात पोहोचलो आणि फरीदा मटकन खाली बसली. "अगं, गोळा आला गं," म्हणत पाय धरला. बायका धावल्या. कोणीतरी चोळायला हात घातला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. त्या पाणी वाटत होत्या. पुढे आल्या, फरीदाचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले. हाताच्या पालथ्या बाजूने गरम आहे का पाहिलं. मुलांनी आमच्यासाठी केलेल्या हारातला दोरा ओढून आधी एका पोटरीला गुंडाळला, मग दुसरीला.

"प्लास्टर-बिस्टर हुतं का मागं? दम लागायलाय?"

"आजी, काय टेन्शन घेता? नुसता गोळा हाय."

"ते मी बघते की."

दोरा दोन्हीकडे सारखाच भरला. मग त्यांनी फरीदाचा चवडा वर दाबला आणि पोटरीवर हात ठेवला. तोच जुना, जाणता हात. फरीदाचा चेहरा मोकळा झाला.

तुमच्या घरी कुणाचा एकच पाय सुजला, गरम झाला, दुखला, आणि मागे प्लास्टर, ऑपरेशन, बाळंतपण किंवा लांबचा बसून केलेला प्रवास असेल, तर तेल गरम करू नका, डॉक्टर गाठा. सोबत दम लागत असेल तर तासभरही थांबू नका. माझं नशीब आणि माझे डॉक्टर दोन्ही चांगले निघाले.

फरीदाचं झाल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. दोरा हातात होताच. माझे दोन्ही पाय मोजले, पुन्हा मोजले. मग मांडी घातली.

"पाय दे इकडं."

मी दिला. त्यांचा अंगठा घोट्याच्या जुन्या जागेवर आला, आणि मी म्हटलं, "आई, तिथे दुखतंय."

त्यांनी तत्क्षणी हात उचलला. माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच, खडा.

"आसं बोलत जा की गं," त्या म्हणाल्या, आणि हात जरा वर सरकवला.