उजवा पट्टा

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात इसरूभाऊंनी बावीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. धानाच्या बांधीत चिखलणी करताना बांधाला चाक न लागू देता वळणारा माणूस तो एकच. गेल्या पावसाळ्यात त्यांना लकवा आला. पाय सावरला, जीभ सावरली. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा, कोणी सांभाळायला देऊन गेल्यासारखा. व्यायामासाठी रबरी चेंडू मिळाला होता, तो त्यांनी कुत्र्याला दिला.

दिवाळीला त्यांची भाची मयुरी आली. नागपूरला रिमोटच्या गाड्यांच्या दुकानात ती कामाला आहे. तिने पिशवीतून हातभर लांबीचा रणगाडा काढला.

"मामाजी, रिमोटवर दोन दांड्या हायेत. डावी डाव्या पट्ट्याची, उजवी उजव्याची. दोनी संग लोटल्या त सिधा जाते."

"मले काऊन? लेकराईले दे."

"लेकरं तोडतीन. तुमी ड्रायव्हर होय."

'होते' नाही, 'होय' म्हणाली, ते त्यांना लागलं. दुसऱ्याच दिवशी बॅटरी भरून त्यांनी रणगाडा सारवलेल्या अंगणात उतरवला. डावा अंगठा चालायचा, उजवा नुसता दांडीवर टेकलेला. रणगाडा जागच्या जागी उजवीकडे गरगर फिरत राहिला.

शेजारचा चैतू कुंपणावरून म्हणाला, "इसरूभाऊ, तेल काढून राह्यले काय? बिनबैलाचा घाना!"

इसरूभाऊ हसले नाहीत. बायकोला, गिरजाबाईंना, एवढंच म्हणाले, "हा फाटकापासून विहिरीवरी सिधा गेला, त मी पुना ट्रॅक्टरवर बसन. नाई गेला त नाई."

रोज सकाळी तासभर ते चालायचं. हळूहळू गिरकी मोठी होत गेली, मग ती कमान झाली. डिसेंबरच्या अखेरीस रणगाडा निम्म्या अंगणापर्यंत सरळ गेला. मग त्याचा उजवा पट्टा करकरू लागला. मयुरीने फोनवर सांगितलं, मशीनचं पातळ तेल थेंबभर टाका. पण आमच्याकडे बिजागरीपासून टाचेच्या भेगेपर्यंत सगळ्याला एकच औषध, टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं. इसरूभाऊंनी उजव्या बाजूच्या दातेरी चाकांत ते सढळ हाताने ओतलं. करकर थांबली.

चार दिवसांनी कडक थंडी पडली. सकाळी अंगणात ऊन यायच्या आतच इसरूभाऊंनी दोन्ही दांड्या लोटल्या. रणगाडा उजवीकडे गरगर फिरला, पहिल्या दिवशीसारखा. पुन्हा लोटल्या. पुन्हा तेच. अंगठा दांडी दाबतोय हे डोळ्यांना दिसत होतं, पण डोळ्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. ते मटकन ओट्यावर बसले.

"गेला. पुना गेला."

गिरजाबाई चुलीपुढून ओल्या हातांनीच आल्या. "काय गेला?"

"हात."

त्यांनी आपलं बोट नवऱ्याच्या उजव्या मुठीत दिलं. "दाबा."

इसरूभाऊंनी दाबलं.

"अगं माय! मोडता काय जी बोट? कुठी गेला हात?" मग त्यांनी रणगाडा उलटा केला. चाकांत तुपासारखा पांढरट गोळा बसला होता. "याच्यात काय टाकलं?"

"टोळीचं."

"अवो, हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवल्याबिगर भाजीत तरी पडते काय ते? अन् याच्यात फिरन?"

रणगाडा सुपात ठेवून उन्हात गेला. चैतूने विचारलं, "वाळवन घातलं काय, बाई?" गिरजाबाई म्हणाल्या, "हो, तुलेबी घालतो, ये."

माणसाला आपलं काय मोडलं तेच नीट कळत नाही. हाताने केलं ते चाकाने केलं नाही, आणि दोष हातानेच अंगावर घेतला. किती सवय झाली होती त्याला दोषाची.

ऊन चढलं, तेल पाघळलं. गिरजाबाईंनी चिंधी घेऊन दाते एकेक करून पुसले. इसरूभाऊंनी फाटकाजवळ उभं राहून दोन्ही दांड्या लोटल्या. रणगाडा निघाला. अर्धं अंगण, तुळस, मग विहिरीचा कठडा. तिथे ठक्क आपटून थांबला.

इसरूभाऊंनी रिमोट खाली ठेवून बायकोसमोर हात जोडले.

"हे काय नाटक?" गिरजाबाई म्हणाल्या. पण त्या बघत होत्या त्यांच्या हातांकडे. दोन्ही तळवे एकमेकांना सारखे भिडले होते.