माझ्या मुलाचं पदक आधी तिच्या हातात

मैत्रिणींनो, आज मी एका म्हाताऱ्या बाईवर चक्क जळले.

माझा निखिल जहाजावर नोकरीला आहे. वादळात समुद्रात उडी मारून एका मच्छीमाराला वाचवल्याबद्दल त्याला पदक मिळालंय. आज त्या मच्छीमाराची आई रत्नागिरीहून खास आमच्या देवळालीच्या घरी आली.

निखिलने पदक आधी तिच्याच हातात ठेवलं. तिने ते डोळ्यांना लावलं. "आई, रडू नका," म्हणाला. माझ्याशी कधी एवढ्या मायेने बोलतो का? चहाच्या निमित्ताने मी आत आले आणि रडले.

ती मागोमाग आली. "ताई, माझ्या मुलापायी तुमचा जीव टांगणीला लागला. तुमच्याकडे बघायचं धाडसच होत नव्हतं."

मी तिला मिठी मारली. तरी खरं सांगते, ते "आई" अजून टोचतंय. तुम्हाला टोचलं नसतं?