तोंडवलीच्या पुळणीवरची सायकल

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. आमच्याकडे कुणाला तिन्हीसांजेला धरतं, कुणाला खाडीवर चकवा लागतो. मी सगळं ऐकून घेते आणि मनात म्हणते, माडी जास्त झाली असेल! तरी हे लिहून ठेवते आहे... कारण तोंडाने कुणाला सांगण्यासारखं नाही.

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता तेव्हाची गोष्ट. आमचं घर मालवणच्या उत्तरेला, गड नदीच्या खाडीच्या अलीकडच्या काठावर. होडीने पलीकडे गेलं की तोंडवली. तिथे जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माड. दक्षिणेकडे ती पट्टी निमुळती होत खाडीच्या तोंडाशी संपते. पुढे नुसतं पाणी, वाट नाही.

माझे यजमान बोटीवर खलाशी होते. त्यांचं नाव मी इथेही लिहीत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली आणि ते बोट सोडून विलायतेत राहिले, सायकलींच्या कारखान्यात लागले. चार वर्षं झाली तरी घरी आले नव्हते. महिन्याला एक पत्र मात्र चुकत नसे.

पत्रात काय असे? सायकल! दर रविवारी त्यांचं मंडळ सायकली काढून पन्नास-साठ मैल जात असे. शर्यतीच्या सायकलीचा टायर बोटाएवढा बारीक असतो, हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं असतं, हे सगळं मला त्यांच्या पत्रांवरून कळलं. एकदा लिहिलं होतं, "शर्यतीत पुढच्याच्या चाकाला चिकटून राहायचं. वारा त्याला खाऊ द्यायचा, आणि शेवटच्या फर्लांगाला आपण बाहेर निघायचं." मला ते वाचून बरं वाटलं नाही. शर्यतीत असं वागणारा माणूस घरच्यांशी कसा वागेल, असं मनात आलं.

आणि बियर. शर्यत संपली की जिंकलेले, हरलेले सगळे एका दुकानात बसून बियर पितात म्हणे. "त्यापेक्षा कडू किराईत बरं. पहिल्या घोटाला थुंकलो. आपल्या माडीची सर नाही, पण चढ चढून आल्यावर दुसरं काही नको वाटतं." इकडे तेव्हा दारूबंदी होती आणि सासूबाई माळकरी. पत्र मीच वाचून दाखवायची, तेव्हा बियरच्या जागी सरबत म्हणायची.

"सरबताक सगळे एकत्र बसतत?" सासूबाई म्हणायच्या. "बरे आसत गो ते गोरे. हंय पाणी कोण इचारीत नाय."

एका पत्रातून फोटो आला. आठ-दहा जण अर्ध्या चड्डीत, हातात पेले, आणि मध्ये एक गोरी बाई हसते आहे. मागे लिहिलेलं, "मंडळाच्या सेक्रेटरींची पत्नी." मी तो फोटो सासूबाईंना दाखवला नाही. त्या बाईचा हात कुणाच्या खांद्यावर आहे ते मी कितीदा पाहिलं असेल! नीट दिसत नव्हतं.

त्या वैशाखात एका सोमवारी रुखमी मासळीची पाटी घेऊन आली. ती आणि हे एकाच वाडीत वाढलेले. पाटी उतरवायच्या आधीच म्हणाली, "गो, तुझो घोव खंय आसा?"

"विलायतेत. आणि खंय?"

"खोटा सांगू नको. काल तोंडवलेच्या पुळणीर सायकल मारी होतो. अर्धी चड्डी, वाकान बसललो, जसो काय वाळयेत मुळे-तिसरे हुडकता. मी हाक मारलंय तर वळान बघूक नाय. इतक्या भिता तो बायलेक?"

मी हसले. ऊन लागलं असेल म्हटलं. पुढच्या सोमवारी ती पुन्हा तेच म्हणाली, आणि या वेळी ती हसत नव्हती. "परत बघलंय. तोच. सांभाळ गो बाये, गोरी आणून ठेवल्यान आसतली खंयतरी."

तेव्हा मला भूत सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की हे परत आलेत आणि माझ्यापासून लपून राहताहेत. सगळी पत्रं काढली. तिकिटावर राणीचं तोंड, शिक्का विलायतेचा. पण शिक्क्याचं काय? आधी लिहून ठेवलेली पत्रं तिकडचा कुणी दोस्त टाकत असेल. अक्षर ताडून पाहिलं, शाई ताडून पाहिली. आठवडाभर घास गिळला नाही. मूलबाळ नव्हतं. नवरा दुसरीकडे राहतो असं ठरलं असतं, तर मी त्या घरात कोण म्हणून राहिले असते?

रविवारी मावशीकडे जाते असं सांगून होडीने पलीकडे गेले. दुपार कलली होती, चारचा सुमार असेल. ओहोटी लागलेली, ओली पुळण फरशीसारखी घट्ट. चिटपाखरू नव्हतं. थोडं चालले आणि वाळूत रेघ दिसली... बोटाएवढी बारीक, सरळ, दक्षिणेकडे गेलेली. मालवणच्या बाजारात भाड्याच्या सायकली होत्या, त्यांचे टायर चांगले दोन अंगठ्यांएवढे. ही रेघ त्यांची नव्हती.

मान वर केली तर पुढे सायकल. पाठमोरे हेच. वाकलेली पाठ, डावा खांदा किंचित खाली, तो त्यांचा लहानपणापासून तसाच आहे. एकटे होते. माझ्या अंगाची आग झाली. मी त्यांच्यामागे पळाले. "ओ! आयकलास?" म्हणून ओरडले. वळले नाहीत. पुन्हा ओरडले, नाहीत. मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांचं नाव घेतलं — भर उन्हात, गळा फाटेस्तोवर, तीनदा. लग्नातल्या उखाण्यात ओठांतल्या ओठांत पुटपुटले असेन, तेवढंच.

सायकल थांबली नाही. माडांच्या वळणाआड गेली. मी धापा टाकत टोकाला पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. होडी नव्हती, माणूस नव्हता. रेघ पाण्यापर्यंत गेली होती आणि तिच्यावरून लाटा येत होत्या. मागे वळलेली रेघ कुठेच नव्हती. तासभर बसून राहिले. पाण्याच्या कडेने सायकल उचलून कुणी परत गेलं असेल, असंही मनाला सांगून पाहिलं. होडीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "सायकल? माझ्या होडयेत शेरडा चढतत, सायकल नाय चढूक कधी."

घरी कुणाला काही बोलले नाही. बायको नवऱ्याचं नाव घेऊन पुळणीवर बोंबलली, हे काय सांगणार? रुखमीलाही नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. त्यात बियर नव्हती.

"गेल्या रविवारी शर्यत होती. मी पहिला होतो, शेवटचा मैल उरला होता. मागून कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली. तीनदा. मी वळून बघितलं, चाक गवतात गेलं आणि पडलो. मागे रस्ता मोकळा होता. गुडघा सुजला आहे, काळजी नसावी. पण एक विचारतो. तो आवाज तुझा होता. लग्नानंतर तुझ्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलेलं नाही, मग तो तुझाच हे मला कसं कळलं?"

पत्रावरची तारीख पाहिली. तिच्या आधीचा रविवार तोच, मी पुळणीवर गेले होते तो. शाळेतल्या मास्तरांना सहज म्हणून विचारलं, तर म्हणाले की आपल्याकडे चार वाजले की विलायतेत सकाळचे साडेअकरा. शर्यत कधी संपली ते पत्रात होतं — बाराच्या आत.

सासूबाईंना वाचून दाखवताना मी फक्त गुडघ्याचं वाचलं.

त्याच वर्षी दिवाळीआधी ते घरी आले, कायमचे. का आलात म्हणून मी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी परसात हात धुताना त्यांनी मलाच विचारलं, "खरा सांग. तू माका हाक मारलंस?"

"मी कित्याक मारू? घोवाचा नाव घेवक माका येड लागलाहा?"

"मगे हाक कोणी मारल्यान?"

मी तांब्या घेऊन आत गेले. हो म्हटलं असतं, तर तिथे का गेले होते तेही सांगावं लागलं असतं. चार वर्षं इमानाने पत्र टाकणाऱ्या माणसाला मी चोरासारखं धरायला गेले होते. एवढं सांगायची हिंमत आजही नाही.

पण खरं कोडं वेगळंच आहे. ज्यांना माझी हाक लागली ते विलायतेत होते, आणि ते वळले. पुळणीवर माझ्यापुढे जो होता तो वळला नाही. तो कोण होता?

हे आता रविवारी मालवणहून सायकल आणतात. म्हणतात, "चल गो, तोंडवलेक जावया, ओहोटयेक पुळण कशी घट्ट आसता बघ." मी काहीतरी काम काढते. ते पुढे निघाले, पाठ दिसायला लागली, की मी घरात येते. तोंड दिसेपर्यंत बाहेर बघत नाही.