गिरजेचा फोटो आणि अडून बसलेलं बटण

माझ्या बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका कॉम्प्युटरची पूजा. तीही भांडत केली.

खंडेनवमी होती. आम्ही गुडीहत्नूरचे भाजीवाले. त्या दिवशी विळा, फावडं, तागडी, फवारणीचा पंप, सगळं धुवून मांडायचं, हळद-कुंकू लावायचं आणि अवजाराला एक दिवस आराम द्यायचा. (मला कोणी दिला नाही आजवर, पण जाऊ द्या.) घरची पूजा उरकली तोच आमच्या शोभाचा आदिलाबादहून निरोप आला, की ह्यांनी दुकानात कॉम्प्युटर घेतला आहे, त्याची पूजा आईच्या हातानं करायची. जावई दिगंबर यांचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. कॉम्प्युटर हैदराबादेत कोणीतरी वापरून वापरून टाकलेला. पण पूजेला जुनं-नवं नसतं; आम्ही दोघांनी बस धरली.

गिरजा म्हणाली, "चिमूटभर कोरडं कुंकू लावते. करंटची वस्तू हाय."

"कोरडं टिकते का? ओलं कर. आन् हात आखडू नको, जावयाची चीज हाय!"

"अवो, नाजूक हाय ते."

"तुले काय समजते त्यातलं?"

मग कुंकू नेमकं कुठं लावायचं, यावरून पुन्हा जुंपली. जिंकलो मी. बेचाळीस वर्षं मीच जिंकत आलो, कारण माझा आवाज मोठा आहे. मी सांगितलं तिथं तिनं लावलं, वर अक्षता टाकल्या आणि परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. दवाखान्यापर्यंतसुद्धा थांबली नाही.

रडायचं ते मी रडलो. इथं मला चिडायचं आहे.

तेरवीला फोटो लागतो. गिरजेचा फोटो नव्हता! कॅमेरा दिसला की बाई पदर ओढून पाठ फिरवायची. लग्नात फोटोवाला सांगितला होता, तो आलाच नाही. (त्याच्यावर माझा राग अजून आहे. तो मेला, तरी आहे.) जगात तिचा एकच फोटो होता. तिच्या बहिणीचा मुलगा मोहन अमेरिकेत असतो. तो मागच्या उन्हाळ्यात आला होता, तेव्हा ती वांगी निवडत असताना त्यानं चोरून काढलेला. तो त्यानं कॉम्प्युटरमध्ये स्वतःचं पान करून त्यावर चिकटवला होता, साऱ्या दुनियेला दिसेल असा. फक्त मला दिसत नव्हता.

फोनवर तो म्हणाला, "काका, दिगंबरभाऊंच्या दुकानात जा. माझं पान उघडा. मावशीच्या फोटोवर माउसचं उजवं बटण दाबा. एक यादी उघडेल, तिच्यातून फोटो फ्लॉपीवर उतरवा आणि स्टुडिओत छापून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटं! हे शब्द बोलणाऱ्याला मी आजही माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेरवी होती. मी सकाळीच आदिलाबाद गाठलं. स्टुडिओवाल्यानं बजावलं होतं, सहाला शटर पडणार म्हणजे पडणार. जावयांनी फोनची तार कॉम्प्युटरला जोडली. तो शिट्ट्या मारल्यासारखा ओरडला, खाकरला आणि मोहनचं पान उघडू लागलं. फोटो वरून खाली, रेघ रेघ करत येत होता. आधी गोठ्याचं छप्पर आलं. मग तिचा भांग. मग कपाळावरचं कुंकू. अख्खी बायको यायला पाऊण तास लागला. (जिवंतपणी एका हाकेत यायची.) तोंड उघडं, हातात वांगं, नजर थेट माझ्यावर. कॅमेऱ्याच्या बाजूला मी उभा होतो आणि ती मला झापत होती, हे मला पक्कं आठवतं.

शोभानं डोळ्याला पदर लावला. मी म्हणालो, "रडणं मागून. जावईबापू, दाबा बटण!"

त्यांनी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

"काय झालं?"

"मामाजी, उजवं बटण काम करत नाई. दसऱ्यापासून असंच करून राह्यलं. टायपिंगले लागत नाई, म्हणून मी लक्ष नाई देल्लं."

"दसऱ्याचं काय घेऊन बसले! आजचं बोला!"

"हा ब्राऊजर जुना हाय, मामाजी. ज्याच्यात पान दिसते ना, तो. त्याचाच दोष."

मी म्हणालो, तो ब्राऊजर का कोण आहे त्याला बाहेर काढा, मी बोलतो त्याच्याशी. जावई हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडायला कोणीतरी हवंच होतं.

मग त्यांनी युक्ती काढली. उजवं बटण राहू द्या, पान आहे तसं छापू. त्यांचा प्रिंटर टिकल्या मारून छापणारा. खर्रर्र खर्रर्र करत दोन कागद निघाले. एकावर गिरजा नाकापर्यंत, दुसऱ्यावर हनुवटीपासून खाली. मधलं तोंड कुठं गेलं देव जाणे! आणि अंगभर काळे ठिपके, देवी आल्यासारखे.

"हे भिंतीवर लावू? दोन खिळे ठोकून?" मी ओरडलो. "माणसं जेवायला येतील का पळून जातील?"

समोर कॉम्प्युटर शिकवण्याचा क्लास होता. तिथल्या रमण्णा मास्तरांना बोलावलं. माणूस तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायचा. आला, खुर्ची ओढली, बटण एकदाच दाबलं आणि पडद्याकडे पाहून डॉक्टरसारखी मान हलवली.

"दादा, ये पेजवाले ने ताला डाला है. फोटो कोई चुराए नहीं, इसलिए राइट क्लिक बंद किया."

माझं डोकं फिरलं. शेजारच्या एसटीडी बूथवरून मी थेट अमेरिका लावली. मोहन झोपेतून उठला.

"काऊन रे! मावशीले कुलूप लावतं? तिच्या हातची भाकर खाताना लाज नाई वाटली का?"

"काका, कसलं कुलूप?"

"उजव्या बटणाचं! तिचा फोटो कोण चोरून राह्यलं? नवरा हावो मी तिचा! माझ्यापासून लपवून ठेवतं?"

"काका, मी काहीच केलं नाही हो! मला कुलूप लावता येतसुद्धा नाही!"

मी फोन आपटला. (बूथवाला म्हणाला, हळू. मी त्यालाही दोन शब्द सुनावले.)

कुलूप नाही म्हटल्यावर रमण्णा मास्तरांनी दुसरा रोग सांगितला. ब्राऊजर पुराना, नया डालना पड़ेगा. त्यांच्याकडे चकती होती. चकती आत गेली, पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. पट्टी काठाला टेकणार एवढ्यात लाइट गेली. दोन तास आली नाही. आम्ही चौघं काळ्या पडद्यासमोर सुतकातल्यासारखे बसलो. सुतक संपलं होतं, तरी.

लाइट आली. चकती पुन्हा. पट्टी पुन्हा. चार वाजता नवा ब्राऊजर उभा राहिला. पुन्हा फोनची शिट्टी, पुन्हा गोठ्याचं छप्पर, पुन्हा भांग. पाच वाजता गिरजा पुरती आली. मास्तरांनी उजवं बटण दाबलं.

काही नाही.

"अय्यो," मास्तर म्हणाले. "अब एकही रास्ता. पूरा मशीन साफ करके नये सिरे से. कल शाम तक हो जाएगा."

"उद्या सकाळी तेरवी हाय!"

"तो बिना फोटो के कर लो ना, दादा. एक नारियल रख दो."

नारळ! बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या जागी नारळ! दोष कोणाचा का असेना, माझ्या हाताला काहीतरी आपटायला हवं होतं. मी माउस उचलला आणि टेबलावर आपटला. एकदा, दोनदा.

"बाबा!" शोभा ओरडली.

माउसचं झाकण उडालं. आतून काहीतरी लाल, वाळलेल्या चिखलासारखं, टेबलावर सांडलं. त्यात तांदळाचे तीन दाणे.

रमण्णा मास्तरांनी एक दाणा नखावर घेतला. "ये चावल किसने डाला?"

पडद्याकडे, पानाकडे, अमेरिकेकडे, सगळीकडे पाहून झालं होतं. शिकलेली दोन माणसं आणि एक मी. हातातल्या वस्तूकडे मात्र दिवसभरात एकानंही पाहिलं नव्हतं!

मला तर बोलायला जागाच मिळाली. "दुसरं कोण? शोभे, तुह्या मायनं! गेली तं गेली, जाताना हे करून गेली!"

शोभा माझ्यापुढे कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

"आईनं नाई, बाबा. तुमी! आई या माउसच्या पाठीवर लावत होती, फटीपासून दूर. तुमीच वरडले, पाठीले कुंकू लावतात का, म्हणून! पुढं लाव, डावं अशुभ, उजव्या अंगाले लाव, ओलं लाव, भरपूर लाव! ती म्हणत होती, अवो, आत जाईन. तुमी ऐकलं का?"

जावई प्रिंटर पुसायला लागले, पुसलेलाच. मास्तर चष्मा पुसायला लागले. पडद्यावर गिरजा वांगं रोखून माझ्याकडे पाहत होती, तोंड उघडं. आता तर ती काय म्हणते आहे, तेही ऐकू येऊ लागलं.

शोभानं केसातली पिन काढली. बटणाखालचं कुंकू उकरलं. मी म्हणालो, आण, मी करतो. ती म्हणाली, "तुमी हात लावू नका." तिनं ते कुंकू कागदाच्या पुडीत बांधून दिलं, दाण्यांसकट. झाकण बसवलं. बटण दाबलं. टक्! यादी उघडली.

पाच मिनिटांचं काम होतं, खरंच.

फ्लॉपी छातीशी धरून मी आदिलाबादच्या बाजारातून धावलो. वय अडुसष्ट, पायात एकच चप्पल. शटर गुडघ्यापर्यंत खाली आलं होतं. मी खालून सरपटत आत गेलो. स्टुडिओवाला म्हणाला, "बंद झालं." मी त्याच्या पायाशी आडवाच होतो, तिथूनच म्हणालो, "बायको हाय माझी." त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो पाटावर ठेवला. काचेची चौकट, झेंडूचा हार. ती सवाष्ण गेली, म्हणून फोटोला कुंकू लावायचं. सगळे भोवती जमले. मी ती कागदाची पुडी सोडली. पूजा सांगणारे महाराज म्हणाले, "ताट भरून ताजं कुंकू आहे की." मी म्हणालो, "हेच." त्यांनी वाटीतलं पाणी पुढं केलं. मी वाटी मागं सारली.

मग कोरडं लावलं. चिमूटभर. तिच्या कपाळावर, बरोबर मधोमध.

आणि माणसं ताटकळलेली असताना मी ती चौकट उचलून चारी बाजूंनी पाहून घेतली, काचेला कुठं फट तर नाही ना!