मावशींचा भारा

मावशी चढताना कधी थांबायच्या नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या चढावर आम्ही तरणीताठी म्हणवणारी मंडळी झाडाला टेकून धापा टाकायचो, आणि साठीच्या मावशी काष्टा खोचून, पायात बूट, पाठीवर सॅक अशा आमच्यासमोरून निघून जायच्या. जाताना एकदा आमच्याकडे बघायच्या. त्या बघण्यात कौतुक अजिबात नसायचं.

हिमालयातल्या एका उंच खिंडीपर्यंत आठवडाभर चालत जायचं, म्हणून आमचा साताऱ्यातला गट दर रविवारी सराव करायचा. गट मी चालवायचो. एका रविवारी मावशी पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा, संदीप, फौजेत होता. बर्फातल्या ठाण्यावर असताना कडा कोसळला, त्यात गेला. "तुमी जाताय तिथनं ती बर्फाची रांग दिसती म्हनं," त्या म्हणाल्या. "मला बघायचीय." असल्या मागणीला नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

संदीप सुट्टीवर आला की त्या विचारायच्या, "कसं असतंय रं तिथं?" तो भाकरी मोडत म्हणायचा, "पांढरं असतंय, आई." बस्स. पोरगं वर्षानुवर्षं जिथं राहिलं त्या जागेबद्दल आईला एवढा एकच शब्द मिळाला होता. बाकीचं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

ओझ्याची सवय व्हावी म्हणून आम्ही सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या न्यायचो आणि गडावर ओतून द्यायचो. मावशींना ते बघवेना. "पानी वर न्यायाचं आन सांडायचं? ह्ये कसलं येड्याचं काम!" त्या ज्वारी भरून आणायच्या. गड चढायचा, उतरायचा, आणि येताना गिरणीत दळून घरी. त्यांच्या सरावाची भाकरी व्हायची, आमच्या सरावाचा चिखल.

एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजायचं. उंचावर दम लागला, डोकं दुखलं, तर थांबायचं आणि लगेच सांगायचं, हा माझा पहिला नियम. मावशी ना थांबायच्या, ना सांगायच्या. उसाच्या शिवारातून वैरणीचा भारा डोक्यावरून आणण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. "दादा, भारा वाटंत टेकवला तर परत उचलू लागायला कोन असतंय? घरी पोचलं की जाऊबाई दारात असायची, ती उतरू लागायची. तवर चालायचं."

"इथं मी आहे ना उचलू लागायला," मी म्हणायचो.

"आता हायस," त्या म्हणायच्या आणि पुढं चालू लागायच्या.

निघायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी, निम्म्या चढावर, मावशींनी सॅक खाली ठेवली. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या, मावशी ऐकायला लागल्या म्हणून. मी धावत त्यांच्याजवळ गेलो. त्यांचा चेहरा घामानं भिजला होता आणि हात छातीवर होता. आम्ही त्यांना धरून खाली आणलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, हिमालयाचं नाव काढू नका.

मावशी रडल्या नाहीत. मला आपलं वाटत होतं, त्यांनी रडावं. निघायच्या दिवशी मी भेटायला गेलो तर त्यांनी दशम्या बांधून ठेवल्या होत्या, संदीपला सुट्टी संपताना द्यायच्या तशाच. पुडकं हातात देऊन म्हणाल्या, "आता तूच बघून ये. आन समदं सांग मला. पांढरं असतंय, एवढ्यावर भागवू नगंस."

खिंडीत पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. समोर ती रांग उभी होती. बाकीचे फोटो काढत होते. मी एका दगडावर बसून दशमी खात नुसता बघत राहिलो. बर्फ पांढरा नव्हताच. आधी राखेसारखा होता, मग तापल्या दुधावरच्या सायीसारखा पिवळसर झाला, आणि उन्हं चढल्यावर सावलीच्या बाजूला निळा. वारा थांबला की इतकं शांत व्हायचं की आपलाच श्वास ऐकू यायचा. मावशींना कळेल अशा शब्दांत मी ते सगळं मनाशी जुळवलं आणि उतरताना वाटभर घोकत राहिलो, काही सांडू नये म्हणून.

खालच्या गावात फोनला रेंज आली. पहिला फोन मावशींच्या भाचीचा. मावशी झोपेतच गेल्या होत्या. सावडणंसुद्धा उरकलं होतं.

साताऱ्यात उतरल्यावर घरी न जाता मी तसाच मावशींकडे गेलो. वेडेपणाच, पण पाय तिकडेच वळले. दाराला कुलूप होतं. पायरीवर बराच वेळ बसून राहिलो, पाठीवरची सॅकही काढायचं सुचलं नाही. सांगायचं सगळं पाठ होतं. भारा घेऊन घरापर्यंत आलो होतो, आणि उतरू लागायला दारात कुणी नव्हतं.